शेपटी कापायचे शब्द

५ ऑक्टोबर, रविवार. लिपारी.

शीड शिवून झाले. पाणी भरले. कांदे, बटाटे, पाव, मिठातली मासळी चढवली. आणि आमचे साहेब, नवरोबा मेलो, धक्क्यावरच्या बाकावर बसून हुकूम सोडताहेत — "निन्फा, तो दोर आत घे. निन्फा, बादली पालथी ठेव." जन्मभर आम्ही दोघांनी लोकांना या बेटांवरून फिरवले. जर्मन, फ्रेंच, मिलानचे वकील, त्यांच्या बायका, बायकांची कुत्री. आमची स्वतःची सुट्टी ही पहिलीच! म्हणून मी जाहीर करून टाकले, या फेरीत मेलो पाहुणा आणि मी तांडेल. पाहुण्याने दोराला हात लावायचा नाही. नांगराला तर नाहीच नाही.

धक्क्यावर सगळे हसले. हसोत. हे मी ठरवले असे त्यांना वाटते तेच बरे. ठरवले आहे मिलात्सोच्या डॉक्टरांनी. मेलोच्या छातीतली मोठी रक्तवाहिनी फुगली आहे. चार नोव्हेंबरला कातानियाला ऑपरेशन. तोवर समुद्रावर गेलो तर चालेल का, असे याने विचारले. डॉक्टर म्हणाले, हवा खा, हिंडा, पण वजन उचलू नका, जोर लावू नका. बहुतेक लोक यातून नीट बाहेर येतात असेही म्हणाले. 'बहुतेक' हा शब्द त्यांनी घाईघाईने उरकला.

मुलगी लोरेदाना सोडून कुणाला सांगायचे नाही, ही मेलोची अट. त्याच्या सख्ख्या बहिणीलाही नाही.

मला भीती वाटते. लिहून टाकले, संपले. आता पाव फडक्यात गुंडाळायचा आहे.

६ ऑक्टोबर, सोमवार. वुल्कानो.

पहाटे डोळा उघडला तर शेजारी मेलो नाही! वर जाऊन पाहते तो हा नांगराच्या साखळीला हात घालून वाकलेला. "नुसतं बघत होतो, गंज चढलाय का." चोर तो चोर! मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले. साखळी खाली ठेवली त्याने.

मग दिवसभर सूड. काळ्या वाळूत आडवा पडून आमच्याच जुन्या पाहुण्यांच्या नकला. "मॅडम, इथे गंधकाचा वास येतो. जाहिरातीत हा वास नव्हता." "मॅडम, माझी खोली थोडी हलते." "मॅडम, हा डोंगर दुपारी बंद असतो का?" शेवटचे खरेच एका बाईने विचारले होते! मी इतकी हसले की बटाटे करपले. करपलेलेच खाल्ले.

७ ऑक्टोबर, मंगळवार.

वारा नाही. मेलो झोपला. मी मासळीचे काटे काढले.

८ ऑक्टोबर, बुधवार. सलीना, लिंगुआ.

व्हेन्नेराताई धक्क्यावर वाट बघत उभ्या. मेलोची मोठी बहीण, पंच्याहत्तरी उलटली तरी आवाज अजून खाडीपलीकडे जातो. आम्ही धक्क्याला लागतोय तोच सुरू — "अगं बाई! मेलो बसलाय आणि बायको दोर ओढतेय? निन्फा, एवढ्या वर्षांनी देव पावला तुला!"

"सुट्टीवर आहे मी ताई," मेलो म्हणाला. "आता हिची पाळी."

"सुट्टी? आपल्या घराण्यात सुट्टी फक्त मेलेल्यांना मिळते."

मी दोर बांधायला खाली वाकले ती बराच वेळ वर आलेच नाही.

जेवायला कडक पाव, त्यावर टोमॅटो, खारवलेले चीज आणि ताईंच्या मळ्यातले केपर, खारवलेल्या हिरव्या कळ्या. माझ्या मिठातले केपर दरवर्षी कडू होतात. ताई म्हणाल्या, "कारण तू त्यांना रोज हलवत नाहीस. पाळण्यातल्या पोरासारखं हलवावं लागतं." मग तुतीचा बर्फ. मेलोने दोन वाट्या खाल्ल्या. दोन! जीव भांड्यात पडला.

जेवणानंतर ताईंनी नको तो विषय काढला. "मेलो, शब्द कुणाला देणार तू? तुझी पोर तर तोरिनोत लोकांचे दात उपटतेय."

शब्द म्हणजे शेपटी कापायचे. ढगातून उंदराच्या शेपटीसारखा वाऱ्याचा सोट खाली लोंबतो, समुद्राला टेकला की पाणी वर खेचतो, मधे सापडेल त्या बोटीच्या काड्या करतो. तो सुरीने कापायचा आणि कापताना शब्द म्हणायचे. शब्द तोंडातल्या तोंडात, दुसऱ्याने ऐकायचे नाहीत. या ताईंच्या आईने, म्हणजे माझ्या सासूने, नाताळच्या रात्री मेलोला दिले. नाताळच्या रात्रीच देता येतात. पाद्रीबाबा म्हणतात, ही सगळी अंधश्रद्धा. पण आमच्या बोटीत बसले की आधी मेलोच्या कमरेला सुरी आहे ना ते बघून घेतात!

मेलो म्हणाला, "लोरेदानाला तीन वर्षांपूर्वी देणार होतो. म्हणाली, बाबा, मला झोप आलीय."

"तिला नाही तर निन्फाला दे या नाताळला. नाहीतर त्या नोफ्रियोकाकांसारखं व्हायचं."

नोफ्रियोकाकांची गोष्ट इथल्या पोरासोरांना पाठ आहे. ताईंनी तरी सांगितलीच. काका धडधाकट, लग्नात नाचणारे. एके दिवशी, भर ऑगस्टात, जाळी विणता विणता पुतण्याला शब्द सांगून मोकळे झाले. पुतण्या पांढराफटक होऊन घरी आला. कारण नाताळ सोडून कुठल्याही दिवशी शब्द देण्याची मुभा एकालाच — ज्याला पुढचा नाताळ दिसणार नाही त्याला. "डॉक्टरला कळायच्या आधी धक्क्याला कळलं," ताई म्हणाल्या. "बायकांनी सुतकाचे काळे कपडे उन्हात टाकले. काका सप्टेंबरात गेले. त्यांना आतून कळलं होतं."

मेलो हसला. "काकांना दारू कळायची, बाकी काही नाही."

मी ताटे उचलून आत गेले.

९ ऑक्टोबर, गुरुवार.

ताईंच्या घरून निघताना ताईंनी मालवाझियाची बाटली माझ्या हातात दिली. घरची गोड दारू, बापाच्या वेलींवरची, शेवटची उरलेली. "नाताळला उघडा. आधी उघडलीत तर हात मोडीन." मग भावाला पोटाशी धरले. नेहमी पाठीत धपाटा घालणारी बाई! धरले ते सोडलेच नाही. तिला काही कळले असेल का? मी तर एक अक्षर बोलले नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार. फिलिकुदी.

कपडे अजून ओले आहेत. तरी लिहिते.

आज सकाळी सलीना सोडली तेव्हा आभाळ स्वच्छ. दक्षिणेचा गरम वारा, हलका. अर्ध्या वाटेवर पश्चिमेला ढग काळा पडला, पोटाकडून सपाट. मेलो पाय पसरून बसला होता तो नीट बसला. म्हणाला, "निन्फा, शीड उतरव." आवाज एकदम साधा. पाहुण्याचा नाही, तांडेलाचा. मी उतरवले, यंत्र सुरू केले. तोवर ढगाला बोट फुटले. मग ते लांब झाले. मग खालून पाणी उकळल्यासारखे पांढरे झाले आणि वरचे खालच्याला भेटले. आवाज मालगाडीचा. शेपटी आमच्याकडेच येत होती!

मेलो उठला. नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला गेला, कमरेची काळ्या मुठीची सुरी काढली. मी सुकाणू गुडघ्यांत धरले, पाठ फिरवली, कानांवर हात ठेवले. लग्न झाल्यापासून असेच. पहिल्या वेळी मी विचारले होते, मी ऐकले तर काय होईल? सासूबाई म्हणाल्या होत्या, "ऐकू नकोस म्हणजे कळणार नाही." एकदा एका बेल्जियन पाहुण्याने त्याचा फोटो काढला आणि हे काय चाललेय म्हणून विचारले. मेलोने सांगितले, चीज कापतोय!

कानांवर हात ठेवून मी आपली मेरीमातेचा धावा करत होते. आणि मनात शब्द नव्हते, सुरी नव्हती, शेपटीही नव्हती. एकच — मेलो हात डोक्यावर उचलतोय, जोर लावू नका म्हणाले होते.

बोट डुलायची थांबली तेव्हा वळून पाहिले. शेपटी मधोमध तुटली होती. खालचा तुकडा पाण्यात विरघळत होता, वरचा ढगात गोळा होत होता. पाऊस आला, टपोरा, कोमट. मेलो डोलकाठीला टेकून खाली बसला होता. चेहरा राखेसारखा. एक हात छातीवर.

"दुखतंय?"

"नाही. दम लागला."

मी पाणी दिले. थोड्या वेळाने म्हणाला, "वारा फिरतच होता गं. तशीही तुटली असती."

असे तो कधीच म्हणालेला नाही! पाद्रीबाबांनी हेच म्हटले तेव्हा आठवडाभर त्यांच्याशी बोलला नव्हता.

पेकोरिनीच्या खाडीत नांगर टाकला. मी टाकला. त्याने नुसते बघितले, सूचनाही दिली नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार. फिलिकुदी.

आज रंग बरा आहे. सकाळी दोन अंडी खाल्ली. तळलेल्या माकुळांवर लिंबू कमी आहे म्हणून भांडला. हे भांडण मला देवाच्या प्रसादासारखे वाटले.

मग मी धीर करून विचारले. टोमॅटो चिरत होते, मान वर केली नाही.

"मेलो, ते शब्द मला दे."

"नाताळला."

"आत्ता का नाही? उगाच विचारते."

"आत्ता कशाला? मी काय मरायला टेकलोय? नाताळच्या रात्री, चर्चला जायच्या आधी, स्वयंपाकघरात. आईने मला दिले तसे. तेव्हा मात्र झोप येतेय म्हणायचं नाही."

किती बरे वाटले म्हणून सांगू! त्याच्या आतल्याला विचारून तो बोलला असणार. नोफ्रियोकाकांना आतून कळले होते, तर यालाही कळतच असेल. आणि हा नाताळला म्हणतो. म्हणजे नाताळ आहे. चार नोव्हेंबरनंतर पाच नोव्हेंबर आहे. डॉक्टरांच्या 'बहुतेक'पेक्षा मला हे जास्त पटते. कुणी हसायचे तर हसो.

मी रोज विचारणार आहे. रोज नाही म्हणू दे.

१२ ऑक्टोबर, रविवार.

विचारले. "नाताळला, बाई!" छान.

१३ ऑक्टोबर, सोमवार. आलिकुदी.

इथे रस्ताच नाही, नुसत्या पायऱ्या. सामान खेचर वाहते. मेलो खालच्या पायरीवर बसला आणि खेचराकडे बघून म्हणाला, "दोघांनाही ओझं उचलायचा कंटाळा, पण हा बिचारा सुट्टी मागत नाही." वर कुणी नाही आता ओळखीचे. अर्धी दारे बंद, माणसे ऑस्ट्रेलियात. मेलोचा चुलतभाऊ मेलबर्नला भाजी विकतो. दरवर्षी येतो म्हणतो, दरवर्षी त्याचे गुडघे दुखतात.

विचारले. "नाताळला. आता परत विचारलंस तर पुढच्या नाताळला."

पुढच्या! ऐकायला गोड.

१४ ऑक्टोबर, मंगळवार. आलिकुदी.

लोरेदानाचा फोन. आधी मला झाडले. "आई, अशा अवस्थेत बाबांना बोटीवर कशाला नेलंस? तुला काही अक्कल?" मी म्हटले, तुझ्या बाबांना मी नेले नाही, त्यांनी मला आणले. चाळीस वर्षे हेच चाललेय, नुसते दोर माझ्या हातात आलेत. मग तिला रडू फुटले. मुलगी कडक आहे, पण वाळूच्या किल्ल्यासारखी, आतून ओली.

मेलोने फोन घेतला. मी लांब गेले तरी ऐकू येत होते. इथे कोण दुसरे बोलतेय!

"बाबा, या नाताळला मी येतेय. आणि ते शब्द ऐकणार. झोप आली तरी ऐकणार."

"आधी दातांचे सगळे पेशंट उपटून ये."

"खरंच सांगते, बाबा. मला द्याल ना?"

"ये," म्हणाला. "ये तू."

फोन ठेवल्यावर खालचे पाणी बघत बसला. मग म्हणाला, "हट्टी आहे. तुझ्यावर गेलीय." मी म्हटले, माझ्यावर गेली असती तर लिपारीतच राहिली असती. तो म्हणाला, "हो, तेही खरं." आज मी विचारले नाही. आज गरज नव्हती. नाताळला मुलगी येणार, बाप शब्द देणार, मी बाहेर उभी राहून दाराशी कान लावणार!

१५ ऑक्टोबर, बुधवार.

दिवसभर परतीचा वारा, पाठीवर. रिनेल्लाच्या खाडीत मुक्काम. हातांना फोड. मेलोने तेल चोळून दिले.

१६ ऑक्टोबर, गुरुवार. स्ट्रोम्बोली.

दुपारी पोचलो. 'तो' दिसला, माथ्यावर ढगाची टोपी. इथे कुणी डोंगराचे नाव घेत नाही, 'तो' म्हणतात. सारो काळ्या वाळूवर होडी ओढत होता. मेलोचा लष्करातला दोस्त, दोघांनी एकाच वर्षी तिथल्या स्वयंपाकघरात कोबी चिरले. आता केस गेलेत, तोंड तेवढेच.

"काय म्हणतोय तो?" मेलोने डोंगराकडे मान केली.

"दोन दिवस गप्प आहे. गुरगुरत असला की मी घोरतो. गप्प असला की डोळा लागत नाही."

"माझी बायको तशीच."

"मग तिला आज बोलू दे बाबा, मला झोप पाहिजे!"

आणि सारो हसता हसता मेलोच्या रिकाम्या हातांकडे बघायला लागला. मग माझ्या फोडांकडे. होडी ओढायला मेलो पुढे झाला तेव्हा सारोने नुसता आपला खांदा मधे घातला आणि म्हणाला, "पाहुणे काम करत नसतात."

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. स्ट्रोम्बोली.

संध्याकाळी सारोच्या अंगणात जेवण. 'तो' बोलला एकदाचा — आतून एक ढेकर, वर लाल ठिणग्या, मग खाली दगड गडगडले. सारोने छातीवर क्रूसाची खूण केली आणि तोंडात तळलेली वांगी कोंबली. "आता झोपतो मी."

मेलो उठून बोटीवर गेला. मला वाटले, स्वेटर आणायला. तर येताना व्हेन्नेराताईंची बाटली! मी ओरडलेच. "अरे, ती नाताळची!"

"नाताळला दुसरी आणू. सारो काय नाताळला लिपारीला येणार आहे?"

"आलो असतो," सारो म्हणाला. पण बूच निघाले होते. वास सुटला. मनुकांचा, मधाचा, सासऱ्यांच्या मळ्याचा. मी रागाने एक घोट घेतला. दुसरा रागाशिवाय. ताईंना काय सांगणार आहोत कोण जाणे. "हात मोडीन" म्हणाल्या होत्या.

तसे बघितले तर खरेच आहे, सारो कुठे भेटतोय रोज रोज. मित्र भेटला की माणूस बाटली उघडतो. त्यात काय एवढे?

विचारायचे राहून गेले आज.

१८ ऑक्टोबर, शनिवार. पनारेआ.

उन्हाळ्यातली श्रीमंत माणसे गेली, आता पनारेआ पनारेआसारखे दिसते. छोट्या खाडीत एकटेच आहोत. पाणी इतके निवळ की नांगर कुठे रुतला ते दिसते.

येताना मेलोने सुकाणू मागितले. सुकाणूला जोर लागत नाही, म्हणून दिले. सगळा वेळ त्याने धरले, एका हाताने, तंबाखू ओढणाऱ्यासारखे डोळे बारीक करून. मधेच म्हणाला, "तू चांगली तांडेल आहेस." मी म्हटले, हे तुला आता कळले? "कळलं होतं. म्हटलं नव्हतं."

दुपारी त्याने स्वतःहून लोरेदानाला फोन लावला. आजवर फोन तिनेच करायचा, हा दोन मिनिटांत मला द्यायचा. आज बराच वेळ बोलला, आणि मला दिलाच नाही. काय बोललास एवढे, तर म्हणे, "तिने आज काय शिजवलं ते विचारलं." एवढा वेळ? "भोपळा होता. भोपळ्याला वेळ लागतो."

मी विचारले, "शब्द?"

तो केसांतून हात फिरवून म्हणाला, "टोमॅटो संपलेत का?"

संपले होते. उद्या घरी.

१९ ऑक्टोबर, रविवार. पनारेआ.

सकाळी मी चुलीपाशी बसले होते, कॉफी उतू जाऊ नये म्हणून. मेलो शेजारी येऊन बसला आणि हळू आवाजात शब्द सांगू लागला. मी कानांवर हात ठेवले. त्याने ते धरून खाली घेतले.